पुढच्या चाकातून घरघर येतेय? गॅरेजला जाण्याआधी आवाज कुठला ते असे ओळखा

कांद्याचा हंगाम सुरू झाला की निफाड, चांदवड, कळवण, सटाणा या पट्ट्यातल्या पिकअपला उसंत नसते. रात्री माल भरायचा, पहाटे लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या मार्केटला नंबर लावायचा, दुपारी रिकामी गाडी घेऊन परत यायचं की दुसऱ्याचा माल तयारच. अशात एखाद्या दिवशी पुढच्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागतो. 'एवढी खेप टाकून येऊ, मग दाखवू' म्हणत आठवडा जातो. काही जण तर टेपचा आवाज वाढवतात. तेवढ्यापुरती घरघर ऐकू येत नाही, पण चाकाचं घासणं काही थांबत नाही.

दुसरी चूक याच्या उलट असते. गाडी गॅरेजला लावायची, 'पुढून आवाज येतो' एवढंच सांगायचं आणि निघून जायचं. मेकॅनिक अंदाजाने बेअरिंग बदलतो. आवाज तसाच राहतो. मग ब्रेक पॅड बदलतात, मग एक्सल. शेवटी कळतं की टायर उंचसखल झिजला होता. तोवर पैसेही गेलेले असतात आणि हंगामातले दोन दिवसही.

आवाज कुठून येतो हे गाडीत बसून नेमकं सांगणं अवघड असतं. पत्र्यातून, चासीतून तो फिरत येतो. डाव्या चाकाचा आवाज उजवीकडे वाटतो आणि मागचा पुढे वाटतो. म्हणून 'कुठून' याच्या मागे न लागता आवाज 'कधी' येतो ते आधी पकडायचं. ब्रेक दाबल्यावर बदलतो का? स्टेअरिंग वळवल्यावर बदलतो का? वेगाबरोबर वाढतो का? या तीन गोष्टी कळल्या की निम्मं निदान घरच्या घरी होतं.

आवाज ऐकायचा कसा

रस्ता मोकळा आणि सपाट निवडा. काचा खाली घ्या, टेप आणि पंखा बंद ठेवा. शेजारी एखादा माणूस बसवा, कारण चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं आणि ते तसंच असायला हवं. आधी २० च्या वेगाने चालवा, मग ४० आणि रस्ता चांगला असेल तर ६०. एका बाजूला कंपाउंडची भिंत असेल तर त्या बाजूच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट ऐकू येतो. येताना दुसरी बाजू भिंतीकडे येते, म्हणजे दोन्ही चाकं तपासून होतात.

मग ४० च्या वेगात असताना क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. इंजिनचा आवाज खाली गेला तरी घरघर तशीच राहिली तर दुखणं चाक, टायर, बेअरिंग किंवा ब्रेककडचं आहे. इंजिनबरोबर घरघरही उतरली तर चाकाचा नाद सोडून इंजिन आणि गिअरबॉक्सकडे बघावं लागेल. हे फक्त सपाट रस्त्यावर करायचं. सावळ घाटात किंवा सप्तशृंगगडावरून उतरताना न्यूट्रल करून बघू नये आणि चालत्या गाडीचं इंजिन तर कुठेच बंद करू नये. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जड होतं. ब्रेकचा बूस्टरही एकदोन दाबांनंतर साथ सोडतो.

ब्रेक दाबल्यावर आवाज येत असेल तर

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही याच्याकडेच.

पुढच्या चाकाला डिस्क असते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात. पॅड म्हणजे लोखंडी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला मसाला. नव्या पॅडवर मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायची वेळ झाली असं समजायचं. बऱ्याच पॅडना पातळ पत्र्याची एक पट्टी असते. मसाला संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चीं चीं असा बारीक, कानाला टोचणारा आवाज येतो. ही कंपनीने मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. या टप्प्यावर गाडी दाखवली तर फक्त पॅडचा खर्च येतो.

पुढे मसाला पूर्ण संपतो आणि लोखंडी पाटीच डिस्कवर घासायला लागते. मग चीं चीं जाऊन खर्र असा जाड आवाज येतो, पायाखाली ब्रेकचं पेडल थरथरतं. पुष्कळांना वाटतं की चीं चीं बंद झाली, म्हणजे दुखणं गेलं. प्रत्यक्षात दुखणं तेव्हा वाढलेलं असतं. डिस्कवर चरे पडतात, ती तापते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. मसाला नसल्यामुळे कॅलिपरमधला पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर येतो. तिथून ब्रेक ऑइल गळायला लागलं तर ब्रेकच जातो. दीड टन माल घेऊन राहुड घाट उतरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तपासायला चाक काढावं लागतं. अलॉय व्हीलच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड मात्र अनेकदा बाहेरच्यापेक्षा लवकर संपलेला असतो, कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलाने, गंजाने जाम होतात. 'बाहेरून बघितलं, पॅड चांगला आहे' असं म्हणून कुणी गाडी परत पाठवली तर चाक काढून आतला पॅड दाखवायला सांगा. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेली असेल तर तोही पॅड झिजल्याचा एक इशारा असतो. मात्र पातळी पटकन उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

डिस्कवर बोट फिरवून बघा, अर्थात ती पूर्ण थंड झाल्यावर. नख अडकेल इतके खोल चरे असतील तर नुसते नवे पॅड टाकून भागत नाही. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण प्रत्येक डिस्कला कमीत कमी जाडीची मर्यादा असते आणि बहुतेक डिस्कवर ती कोरलेली असते. त्याच्या खाली गेलेली डिस्क बदलावीच लागते. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेक न दाबताही सतत घासल्यासारखा आवाज येतो, गाडी एका बाजूला ओढते, डिझेल जास्त लागतं, चाकाजवळ जळका वास येतो, ही सगळी लक्षणं कॅलिपर जाम झाल्याची. दहा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू नुसती जवळ न्या, टेकवू नका. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त जाणवली तर दुखणं त्या चाकात आहे. अशा तापलेल्या चाकावर पाणी ओतायची सवय काही जणांना आहे, ती मोडलेली बरी. तापलेली डिस्क पाण्याने वाकते, तडकूही शकते.

पावसाळ्यात रात्रभर भिजलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या चारपाच ब्रेकला खरखर येते. तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो. ब्रेक लागले की घासून निघून जातो. त्याची काळजी नको.

वेगाबरोबर वाढणारी घरघर

ब्रेकशी काही संबंध नाही, २० ला बारीक, ४० ला स्पष्ट, ६० ला बोलणं ऐकू येऊ नये इतकी घूं घूं, असं असेल तर पहिला संशय बेअरिंगवर घ्यायचा. लांबून ट्रॅक्टर यावा तसा हा आवाज असतो. सुरुवातीला तो इतका हळू वाढतो की रोज चालवणाऱ्याच्या कानाला सवय होते. बऱ्याचदा पाहुणा गाडीत बसतो आणि विचारतो, 'हा आवाज कसला?' तेव्हा मालकाला कळतं.

कोणत्या बाजूचं बेअरिंग, हे वळणावर कळतं. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर पडतं. उजवीकडे वळते तेव्हा डाव्या. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ३० ते ४० च्या वेगात हलकेच डावीकडे, मग उजवीकडे स्टेअरिंग घ्या. डावीकडे घेताना घरघर वाढली आणि उजवीकडे घेताना कमी झाली तर उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त. ही खूण पुष्कळदा बरोबर निघते, पण दर वेळी नाही. म्हणून जॅक लावून खात्री केल्याशिवाय नवं बेअरिंग आणू नये.

बेअरिंग जातं ते मुख्यतः पाण्याने आणि ओझ्याने. लांब चालून आलेल्या गाडीचं बेअरिंग गरम असतं. ती तशीच नाल्यातून, फरशीवरून नेली की बेअरिंग एकदम थंड होतं आणि आतली हवा आकसून सीलमधून पाणी आत ओढलं जातं. सर्व्हिसिंगला चाकाच्या मधोमध जोराच्या पाण्याचा फवारा मारणं हेही त्यातलंच. पाणी गेलं की ग्रीस पांढरट पडतं, छर्रे गंजतात आणि मग दळायला बसल्यासारखा आवाज सुरू होतो. दुसरं कारण वजनाचं. पासिंगपेक्षा जास्त माल आणि त्यात खड्डे. खड्ड्यात आदळताना छर्ऱ्यांचे वण कपावर उठतात आणि तिथून झीज सुरू होते.

हे दुखणं नुसतं आवाजावर थांबत नाही. झिजलेलं बेअरिंग तापतं, आतली जाळी तुटते, चाक डगमगायला लागतं. शेवटी चाक जाम होतं किंवा हबसकट निखळतं. शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या गाडीत किंवा पेशंट घेऊन नाशिकला जाणाऱ्या जीपमध्ये अशी घूं घूं ऐकू आली तर बसणाऱ्यांनीही चालकाला विचारायला लाजू नये. दोष माहीत असूनही असुरक्षित गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे.

टायर फसवतो

बेअरिंगसारखाच आवाज टायरही करतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. टायरची नक्षी एका बाजूने किंवा लाटेसारखी उंचसखल झिजली की डांबरी रस्त्यावर घूं घूं येते. अलाइनमेंट बिघडणं, शॉकअप बसणं, हवा कमी-जास्त असणं ही त्याची कारणं.

ओळखायची पहिली खूण रस्ता. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर किंवा मुरमावर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर टायरवर संशय घ्या. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी फारसा बदलत नाही. दुसरी खूण हाताची. उभ्या गाडीच्या टायरवर तळहात एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर टायर तसा झिजलाय. हात फिरवताना जपून, घासलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते.

तिसरी खूण खात्रीची आहे आणि तिला फक्त पंक्चरवाल्याची अर्ध्या तासाची मजुरी लागते. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. आवाज मागे गेला तर टायर. पुढेच राहिला तर बेअरिंग. मात्र चारही टायर एकाच मापाचे असतील तरच हे करायचं.

वळताना कटकट आणि 'एक्सल गेला' म्हणणारे

स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी काढताना कट कट कट असा आवाज येतो, सरळ झाली की बंद होतो, हे एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचं लक्षण. ही घरघर नसते, कटकट असते, पण लोक तिलाही 'पुढून आवाज येतो' यातच धरतात. जॉइंटवर रबरी बूट असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, आत माती-पाणी जातं आणि जॉइंट दळला जातो. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर काळ्या ग्रीसचे फटकारे दिसले तर बूट फाटलाच समजा. कटकट सुरू व्हायच्या आधी हे दिसलं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचतो. कटकट सुरू झाल्यावर नवा बूट घालून उपयोग नाही.

इथे एक गोष्ट प्रत्येक मालकाला माहीत असावी. पुढच्या चाकाला असा एक्सल फक्त पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला असतो. अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. ओम्नी, ईको, टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो आणि बोलेरो पिकअप यांना ताकद मागच्या चाकांना मिळते, पुढची चाकं नुसती फिरतात. तेव्हा ओम्नीच्या पुढच्या चाकाच्या घरघरीवर कुणी 'एक्सल गेला' म्हणत असेल तर हात दाखवून कुठला एक्सल ते विचारा. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचं वेगळं, तिला पुढेही एक्सल असतोच.

खडा अडकला असेल तर

मोठ्या खर्चाकडे जाण्याआधी फुकटातली शक्यता तपासून घ्यावी. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं डस्ट कव्हर असतं. कच्च्या रस्त्यावर, नवीन खडी टाकलेल्या ठिकाणी एखादा बारीक खडा डिस्क आणि त्या पत्र्याच्या मध्ये जाऊन बसतो. आवाज एकदम सुरू होतो, पत्रा फाडल्यासारखा आणि इतका मोठा की माणूस घाबरून गाडी थांबवतो. पुष्कळदा गाडी थोडी मागे-पुढे केली की खडा पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा जरासा वाकवला की काम होतं.

कधी तो पत्राच आदळून वाकलेला असतो आणि डिस्कला लागतो. कधी मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक सुटून टायरला घासतं. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये वाळलेला गोळा असतो. आदल्या दिवशी पंक्चर काढलं असेल तर नटही तपासा, सैल राहिलेल्या नटांमुळे चाक खडखडतं. आवाज 'एकदम सुरू झाला' की 'हळूहळू वाढला', हे म्हणूनच मेकॅनिकला आवर्जून सांगायचं. एकदम सुरू झालेल्या आवाजात अशी साधी कारणं पुष्कळदा सापडतात. बेअरिंग आणि टायर बहुधा हळूहळू बोलायला लागतात.

जॅक लावून बघताना

जागा सपाट आणि कडक हवी. शेतात, बांधावर जॅक लावू नये. लावावाच लागला तर खाली जाड फळी टाका. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत चाक फिरवून बघायच्या वेळी तेवढं न्यूट्रल करावं लागतं, म्हणून दगड आधी पक्के लावायचे. नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करून घ्या. उचलल्यावर स्टँड लावा. स्टँड नसेल तर निदान स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नये.

आता चाक वर-खाली धरा, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, आणि हलवून बघा. मग डावी-उजवीकडून, तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. वर-खाली धरल्यावर प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोन्हीतलं कोणतं हे कळायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. फक्त डावी-उजवीकडे प्ले असेल तर टाय रॉड एंड बघावा लागतो.

प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं मात्र नाही. हल्लीच्या कारचं बेअरिंग आवाज करायला लागल्यावरही पुष्कळ दिवस घट्ट असतं. म्हणून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक झिणझिण जाणवते, जात्याच्या खुंट्याला हात लावल्यासारखी. मग दुसऱ्या बाजूचं चाक उचलून तसंच करा. दोन्हीतला फरक हाताला कळतो. चाक फिरताना बोटं डिस्क आणि कॅलिपरच्या मध्ये जाणार नाहीत हे बघा.

बेअरिंग बदलताना मालकाने काय बघावं

बेअरिंग दोन तऱ्हेची असतात. जुन्या जीप, अनेक पिकअप आणि ट्रॅक्टरला कप-कोनवालं टेपर बेअरिंग असतं. ते खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवता येतं. कप किंवा कोनावर वण, काळेनिळे डाग दिसले तर दोन्ही एकदम बदलायचे. जुन्या कपात नवा कोन टाकला की तोही लवकर जातो. ऑइल सील आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. ग्रीस व्हील बेअरिंगचंच वापरायचं, डब्यात उरलेलं कुठलंही नाही, आणि जुनं पूर्ण पुसून काढल्यावरच नवं भरायचं. नट आवळण्यात खरं कसब आहे. चाक फिरवत फिरवत नट आवळून बेअरिंग बसवून घ्यायचं, मग कंपनीने सांगितलं असेल तितकं सैल करायचं. फार आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवलं तर चाक डगमगतं.

आजकालच्या कारला सीलबंद बेअरिंग असतं. ते खोलून ग्रीस भरायचं नसतं, गेलं की बदलायचं. ज्या गाडीत ते नकलमध्ये दाबून बसवतात तिथे प्रेस मशीन लागतं. हातोडीने ठोकून बसवलं की ठोका छर्ऱ्यांवर जातो, वण उठतात आणि नवं बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बोलायला लागतं. मग 'माल डुप्लिकेट निघाला' असं म्हटलं जातं. माल डुप्लिकेट असतोही, पण ठोकून बसवलेलं असलही टिकत नाही. गावातल्या मेकॅनिककडे प्रेस नसेल तर नकल काढून तालुक्याला लेथवाल्याकडून दाबून आणायला सांगा. एबीएस असलेल्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते. ती बाजू उलटी बसली तर आवाज जातो, पण एबीएसचा दिवा लागून राहतो. एक्सलचा मोठा नट टॉर्क पान्ह्याने आवळायचा आणि तो सैल असताना गाडी चाकावर उतरवून ढकलायची नाही.

दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदम बदलायलाच हवीत असं नाही. जे गेलंय तेवढंच बदला. पॅडसारखा जोडीचा नियम इथे नाही. काढलेलं जुनं बेअरिंग हातात मागून घ्या आणि फिरवून बघा, खरखर हाताला लागलीच पाहिजे. गुळगुळीत फिरत असेल तर चुकीचा भाग बदलला गेलाय.

चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा तपासून आवळायचे. नट आवळताना शेजारचे ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळायचे.

ट्रॅक्टर आणि मोटरसायकल

इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागात चिखलणीनंतर ट्रॅक्टरचं पुढचं चाक करकरायला लागतं ते सीलमधून चिखल आत गेल्यामुळे. हबला ग्रीस निपल असेल तर चिखलणी संपल्यावर जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं मारावं. निपल नसेल तर डस्ट कॅप काढून बेअरिंग खोलून धुवावं लागतं. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून ट्रॅक्टर पुढून उचलताना एक्सल आणि बॉडीच्या मध्ये दोन्हीकडे लाकडी पाचर मारा, नाहीतर तो एका बाजूला कलतो.

मोटरसायकल डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हाताने फिरवा. घासल्याचा आवाज एकाच जागी येत असेल तर ड्रम, लायनर किंवा डिस्क. सारखी किरकिर येत असेल आणि स्पीडोमीटरची केबल पुढच्या हबमधून जात असेल तर तिथला छोटा गिअर कोरडा पडलेला असतो, ग्रीसने भागतं. चाक आडवं हलवल्यावर खडखडलं तर बेअरिंग. ब्रेक दाबून गाडी पुढे ढकलल्यावर हँडलपाशी ठक् झालं तर चाकाचं काही नाही, कोनसेट बघायचा.

कोणत्या आवाजात गाडी थांबवायची

टायरचा आवाज असेल तर चालवत टायरवाल्याकडे जाता येतं, फक्त तार बाहेर आलेली नसावी. वळणावरची कटकट नुकतीच सुरू झाली असेल तर रिकामी गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. बेअरिंगची घूं घूं असेल आणि चाकाला प्ले नसेल, चाक तापत नसेल तर माल उतरवून, ३० ते ४० च्या वर न जाता जवळच्या गॅरेजपर्यंत जा, पण त्या गाडीने घाट चढू-उतरू नका.

ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, पेडल नेहमीपेक्षा खाली जाणं, ऑइल गळणं, हाताला जाणवणारा प्ले, चाकातून धूर किंवा जळका वास, यातलं एक जरी असेल तर गाडी जिथे आहे तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला तिथे बोलवा. माल दुसऱ्या गाडीत घालून मार्केटला पाठवता येतो. गाडी टोचन करून न्यायची असेल तरी आधी ब्रेक आणि चाक दोन्ही तपासून घ्या. ब्रेक गेलेली गाडी दोरीला बांधली तर ती पुढच्या गाडीवर जाऊन आदळते. प्ले असलेलं चाक टोचन करतानाही निखळू शकतं, अशा वेळी क्रेन किंवा उचलून नेणारी गाडी बोलवावी लागते.